बोअरचं जड पाणी : सगळ्या घराला सॉफ्टनर बसवायचा की नाही? (प्रकल्प नोंदी, लातूर)

17 मार्च 2024

घर लातूरला, औसा रोडच्या बाजूला. माणसं पाच. नळाचं पाणी येईल तेव्हा खालच्या हौदात पडतं, बाकी सगळी मदार बोअरवर. आज गीझरची कॉइल जळाली म्हणून प्लंबरदादा आले होते. फ्लँज सोडवल्यावर आतून पाटीभर खपल्या निघाल्या. सुट्या होत्या त्या पांढऱ्या, कॉइलला धरून बसलेल्या जरा तांबूस. "ताई, कॉइल कितीही भारीची आणा, हे पाणी तिला ठेवत नाही," असं दादा म्हणाले आणि ते खरंच आहे.

घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, की एकदाच सगळ्या घराचं पाणी नीट करून टाकावं. म्हणजे हौदावरच सॉफ्टनर, पाण्याचा जडपणा काढणारं मशीन, बसवायचं आणि प्रत्येक नळाला चांगलं पाणी यायचं. हे करावं की नाही ते आकडे काढूनच ठरवणार. त्यासाठी ही वही.

20 मार्च

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरच्या पोरांकडून पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजून घेणं हे माझं दरवर्षीचं काम. आज घरचंच पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं.

50 मिली पाणी, त्यात अमोनिया बफर, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी, हा रंग बदलून दाखवणारा दर्शक. पाणी लालबुंद. ब्युरेटमधून (मापाच्या काचनळीतून) ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं रसायन, सोडत गेले. 20 मिलीपर्यंत रंग हलला नाही. 25 च्या पुढे लालात जांभळी झाक आली, मग एकेक थेंब सोडून फ्लास्क फिरवत राहिले आणि 27 वर जांभळेपण जाऊन स्वच्छ निळा रंग आला. 0.01 मोलर ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे 50 मिलीत 27 मिलिग्रॅम, लिटरला 540.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, एकूण जडपणाला 200 ही योग्य मर्यादा देतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. आमचं पाणी त्या वरच्या टोकाजवळ.

दुसरा नमुना चांगला खळखळून उकळला, गार करून गाळला, आटलेलं पाणी डिस्टिल्डने भरून काढलं आणि पुन्हा मोजला. 230. म्हणजे 540 पैकी 310 हा बायकार्बोनेटचा, तात्पुरता जडपणा. तापवलं की हाच चुना होऊन बसतो. गीझरमधली पाटीभर खपली इथून आली. उरलेला 230 सल्फेट-क्लोराइडचा. तो उकळून जात नाही. साबणाचा फेस मारतो तो मात्र दोन्हीकडचा.

आपल्याकडचा काळा पाषाण तसा घट्ट. पाणी मुरतं ते भेगांमधून आणि झिजलेल्या थरांतून. वर चुनखडी, आत भेगांत भरलेलं कॅल्साइट. पाणी जितकं खोल आणि जितकं जुनं, तितका त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भरणा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या वर्षी गल्लीगल्लीत बोअरच्या गाड्या उभ्या होत्या. त्यातलंच एक बोअर आमचं.

24 मार्च

दोन विक्रेते येऊन गेले.

पहिल्यांनी दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत विजेच्या तारा जोडलेलं एक उपकरण बुडवलं. आमच्या ग्लासात काही वेळात तपकिरी-हिरवा गाळ तरंगायला लागला. आईंचा (सासूबाई) चेहरा उतरला, "हे पितोय होय आपण?" मी त्यांना तिथेच सांगितलं, की ती घाण पाण्यातली नाही, लोखंडी पट्टीची आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी, वीज नावालाच वाहते, म्हणून ते नितळ राहतं. त्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका म्हटलं. टाकलं, आणि तोही ग्लास तपकिरी झाला. अशा प्रयोगाला घाबरून माणसं पैसे मोजतात याचा मला मनापासून राग येतो.

दुसरे समजूतदार होते. त्यांचं कोटेशन असं : वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, 25 लिटर रेझिनचा (जडपणा धरणारे बारीक मणी) ऑटोमॅटिक सॉफ्टनर आणि प्रेशर पंप, सगळं मिळून 92,000.

यात जडपणा काढणारा भाग एकच, सॉफ्टनर. वाळूने गढूळपणा जातो, कार्बनने क्लोरीन आणि वास. आमच्या बोअरचं पाणी गढूळ नाही, क्लोरीन त्यात नाहीच. म्हणजे पहिले दोन डबे आमच्या काही कामाचे नाहीत. "होल हाउस फिल्टर" या एका नावाखाली या तीन-चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि नुसता फिल्टर बसवून कॉइलवर चुना का बसतो म्हणून लोक विचारत राहतात. विरघळलेला क्षार गाळणीत अडकत नसतो.

2 एप्रिल

भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिलेल्या नमुन्याचा अहवाल आला. टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, 1,080. फ्लोराइड 0.7, ठीक. नायट्रेट 58.

नायट्रेटला 45 ही मर्यादा आणि त्यात सवलत नाही. जुन्या वस्तीतले शोषखड्डे, भोवतालच्या शेतांतला युरिया, काहीही कारण असो. हा आकडा घरात मी दोनदा वाचून दाखवला, कारण नळावरचे पांढरे डाग सगळ्यांना दिसतात, नायट्रेट कुणालाच दिसत नाही. त्याला चव नाही, वास नाही. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. पाणी उकळून ते कमी होत नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. आणि हा 92,000 चा सेट नायट्रेटला हात लावत नाही. सॉफ्टनरचं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बदल्यात सोडियम सोडतं, बस. टीडीएसही उतरत नाही, किंचित वाढतोच.

तेव्हा पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याला ओट्यावरचा आरओ लागणारच, बाकी घराचं काहीही ठरो. तो आहेच. त्याची मेंब्रेन बदलायला टाकली. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरतो, ते चालू ठेवायचं.

9 एप्रिल, पाडवा

हौदावरून गच्चीवर जाणाऱ्या लाइनला पाण्याचं मीटर बसवून काही आठवडे झाले. रोजचा खर्च साधारण 800 लिटर. अंघोळी आणि वॉशिंग मशीन मिळून 280. बाकी संडासचे फ्लश, भांडी, अंगण, झाडं, गाडी.

आता सगळ्या घराचं गणित. 800 लिटरला 540 म्हणजे रोजचे 432 ग्रॅम क्षार. एक लिटर रेझिन एका फेरीत व्यवहारात 50 ग्रॅमच्या आसपास धरतं, म्हणजे 25 लिटरला 1,250 ग्रॅम. तीन दिवस पुरे व्हायच्या आत रेझिन थकणार. प्रत्येक वेळी मिठाच्या पाण्याने धुवायचं, साडेतीन किलो मीठ. महिन्याला 35 किलो, आणि धुण्यात जाणारं पाणी दर वेळी दोनशे लिटर धरलं तर महिन्याला 2,000 लिटर. लातुरात 2,000 लिटर पाणी गटारात सोडायचं हे माझ्या मनाला पटत नाही.

बरं, या 800 पैकी निम्म्याहून जास्त पाणी फ्लशला आणि मातीत जातं. फ्लशला जडपणाने काय बिघडतं? टाकीच्या फ्लोटवर थोडा चुना धरतो, इतकंच. मातीचं तर उलटंच आहे. एक मिलिग्रॅम जडपणा काढताना पाण्यात 0.46 मिलिग्रॅम सोडियम येतं. 540 पूर्ण काढला तर लिटरला साधारण 248 मिलिग्रॅम. असं पाणी काळ्या मातीला वर्षानुवर्षं देत राहिलं तर माती चोपण होते, पाणी मुरायचं थांबतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही चोपण जमीन म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. लिंबाला आणि कढीपत्त्याला कॅल्शियमचं पाणीच बरं.

आईंना बीपी आहे. 248 मिलिग्रॅमचं पाणी रोज दोन लिटर प्यायल्या तर त्यातूनच 500 मिलिग्रॅम सोडियम जाणार. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला एकूण 2 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणजे चौथा हिस्सा नुसत्या पाण्यातून. ओट्याच्या नळाला सॉफ्ट पाणी द्यायचं नाही, हे इथेच ठरलं.

सगळ्या घराचा सेट बाद. वाद मिटला असं नाही, यांना अजूनही नळावरचे डाग खटकतात.

14 एप्रिल

विक्रेत्याच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य तपासलं : "क्षारामुळे गीझरचं वीजबिल प्रचंड वाढतं."

विजेच्या टाकीच्या गीझरला हे फारसं लागू नाही. कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिच्यावर चुन्याचा थर बसला तरी तिची उष्णता जाणार कुठे? शेवटी पाण्यातच. फक्त थरामुळे उष्णता हळू बाहेर पडते, कॉइल आतून जास्त तापते आणि जळते. नुकसान बिलाचं नाही, कॉइलचं आहे. गॅस गीझरची गोष्ट वेगळी, तिथे थरामुळे उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि गॅस जास्त लागतो. गच्चीवरच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्यांचं पॅनल असेल तर त्या चोंदत जातात. काचेच्या नळ्यांचा सोलर जड पाणी पुष्कळ जास्त सोसतो. आपल्या भागात सोलर घेणाऱ्याने हे आधी बघावं.

त्वचेचं आणि केसांचंही तसंच. मुलीच्या हाताला इसब आहे, म्हणून "सॉफ्टनर लावा, जाईल" असं सांगणारे पुष्कळ. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या 336 मुलांवर याच प्रश्नाची रीतसर चाचणी झाली आणि 2011 साली तिचा निष्कर्ष छापून आला. नेहमीच्या उपचारांत घरच्या सॉफ्टनरने वेगळी भर पडली नाही. अंघोळीला साबण कमी लागेल, अंगावर साबणाचा चिकट थर राहणार नाही, कोरडेपणा थोडा कमी वाटेल, इतकी अपेक्षा ठेवता येते. इसबाला डॉक्टरांचं मलमच.

चुंबकाची पट्टी आणि पाइपला वायर गुंडाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, दोन्ही पाहिली. त्यांनी पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही, ब्युरेटला आधी 27 तर नंतरही 27 च. वॉशिंग मशीनच्या तोंडाशी लावतात ती फॉस्फेटच्या गोळ्यांची नळी मात्र थोडी उपयोगी. जडपणा ती काढत नाही, पण चुना घट्ट धरू देत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तेवढी पुरे.

28 एप्रिल

आखणी पक्की केली. गच्चीवर दोन टाक्या. जुनी 1,000 लिटरची, तिच्यात बोअरचं पाणी जसंच्या तसं. ती फ्लश, ओटा, अंगण यांना. नवी 500 लिटरची, तिच्यात सॉफ्ट पाणी. ती दोन्ही बाथरूमचे शॉवर-मिक्सर, गीझर आणि वॉशिंग मशीन यांना.

सॉफ्टनर कुठे बसवायचा यावर प्लंबरदादांशी बरीच चर्चा झाली. त्यांना गच्चीवर टाकीच्या खाली बसवायचा होता. पण टाकीपासून शॉवरपर्यंत उंची जेमतेम तीन मीटर, म्हणजे 0.3 बार दाब. रेझिनच्या थरातून पाणी नीट जायला दीड-दोन बार तरी हवा. तिथे बसवला तर वेगळा प्रेशर पंप आला आणि त्याचं बिल आलं. त्यापेक्षा हौदावरून चढणाऱ्या लाइनवर बसवला तर आहे तोच पंप काम करतो. दादांनी क्षणभर विचार करून मान डोलावली आणि स्वतःहून पुढची अडचण काढली. पंप ताशी दीड हजार लिटर फेकतो, 15 लिटर रेझिनला ताशी 600 च्या वर पाणी पळवलं तर ते जडपणा धरायच्या आतच निघून जाईल. म्हणून सॉफ्टनरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जास्तीचं पाणी हौदात परत. व्हॉल्व्ह एकदा लावला की हलवायचा नाही, त्यावर लाल रंग मारायचा.

11 मे

काम झालं. हाताने चालवायचा 15 लिटर रेझिनचा सॉफ्टनर, मल्टीपोर्ट व्हॉल्व्हसह 19,000. टाकी, सीपीव्हीसी पाइप, व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून 12,400. बाथरूमच्या भिंती फोडाव्या लागल्या नाहीत, कारण घर बांधताना गच्चीवरून बाथरूमची लाइन वेगळी उतरवली होती. ज्यांची एकच लाइन आहे त्यांचा खर्च इथे दुप्पट होऊ शकतो. नवीन बांधणाऱ्यांनी मशीन घ्यायचं असो वा नसो, दोन लाइनी आजच टाकून ठेवाव्यात. पाइपला लागतात ते पैसे किरकोळ, टाइल फोडायला लागतात ते नाहीत.

सॉफ्टनरमधून निघालेलं पाणी मोजलं तर पहिल्याच थेंबाला निळं. जडपणा जवळपास शून्य. एवढं सॉफ्ट पाणी नको होतं. अंगावरचा साबण निघतच नाही असं वाटत राहतं आणि मीठही उगाच जातं. बायपासचा व्हॉल्व्ह थोडा उघडून कच्चं पाणी मिसळलं, मोजत मोजत 120 वर आणून ठेवलं. आता रोज काढायचा क्षार 118 ग्रॅमच्या आसपास. रेझिनची एक फेरी सहा दिवस पुरेल.

19 मे

पहिलं रीजनरेशन, म्हणजे थकलेलं रेझिन मिठाच्या पाण्याने धुणं. आधी उलटं पाणी सोडून बॅकवॉश, मग दोन किलो मिठाचं पाणी हळूहळू, अर्धा तास, मग स्वच्छ पाणी चव जाईपर्यंत. मीठ स्वच्छ हवं. बाजारातल्या स्वस्त खड्यामिठात माती निघते, ती मिठाचं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरमध्ये अडकते.

खारं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न मी लावून धरला. यांचं म्हणणं शोषखड्ड्यात. शोषखड्डा बोअरपासून चार पावलांवर, तेच मीठ पुन्हा आपल्याच पाण्यात. ड्रेनेजला जोडलं. तेही पुढे कुणाच्या तरी ओढ्याला मिळणार, म्हणून मीठ जितकं कमी तितकं बरं, आणि 35 ऐवजी 10 किलोवर थांबण्याचं हेही एक कारण.

23 जून

पाऊस चांगला लागला. गच्चीच्या पाइपला पहिलं पाणी सोडून द्यायचा व्हॉल्व्ह आणि जाळी बसवून पाणी हौदात घेतलं. नुसतं पावसाचं पाणी मोजलं : 14. गच्चीवरची धूळ धरूनही चौदा.

1,000 चौरस फूट गच्चीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उडती सोडून सात हजार लिटर हाती लागतं. लातूरला वर्षाचा सरासरी पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरच्या घरात. जगातला कुठलाही सॉफ्टनर देणार नाही इतकं सॉफ्ट पाणी पावसाळाभर छपरावर पडतं आणि आपण ते रस्त्यावर सोडतो, याचं मला फार वाईट वाटतं. हौद भरल्यावरचं पाणी गाळणखड्ड्यातून बोअरच्या भोवती मुरवायचं काम पुढच्या यादीत घेतलं.

आईंनी या पाण्यात तुरीची डाळ लावली, आमच्या बोअरच्या पाण्यात लावली तर किती शिट्ट्या लागतात ते त्यांना तोंडपाठ. आज निम्म्यात मऊ झाली. कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला धरून ठेवतं म्हणून जड पाण्यात डाळ टणक राहते. आई म्हणाल्या, "आमच्या लहानपणी आडाच्या पाण्यात अशीच शिजायची."

25 ऑगस्ट

हौदातल्या मिसळलेल्या पाण्याचा जडपणा 160. सॉफ्टनर पूर्ण बायपासवर. मीठ बंद. रेझिन महिनोन्महिने तसंच पडून राहिलं तर त्यात जंतू वाढू शकतात, म्हणून अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुऊन घ्यायचं.

16 मार्च 2025

पुन्हा बोअरवर. 525.

गीझर मुद्दाम खोलला. कॉइलवर पांढरी भुकटी, बोटाने पुसली तर निघाली. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात कॉइल ठेवली, थोडे बुडबुडे आले आणि थांबले. मशीनला पावडर निम्मी लागते. बाथरूमचे नळ कोरड्या फडक्याने चमकतात, ओट्याच्या नळावर मात्र डाग तसेच. तिथे आठवड्याला व्हिनेगरचं फडकं. यांचं त्यावर आता काही म्हणणं नाही.

6 एप्रिल 2025

माहेरी उदगीरला दादा विचारत होता, मीपण सॉफ्टनर घेऊ का. बाटली मागवली आणि मोजली. 210. त्याला लिहून कळवलं : घेऊ नकोस. गीझरचं तापमान 50 च्या आसपास ठेव, वर्षातून एकदा कॉइल लिंबूसत्वात बुडव, आणि ते पैसे गच्चीच्या पाइपला घाल. नायट्रेट तपासून घे, ते मला कॉलेजात मोजता येत नाही.

शेजारच्या अपार्टमेंटच्या बोअरचा नमुनाही आलाय. 690. तिथे चोवीस फ्लॅट, सगळ्यांना एकच लाइन आणि शोषखड्डा बोअरला लागून. त्यांचं गणित वेगळं करावं लागेल. शनिवारी त्यांच्या गच्चीवर जाऊन पाइप कसे उतरलेत ते बघायचं आहे, प्लंबरदादा येतो म्हणालेत.